आधी काडतूस, मग काच

रायफलीवर दुर्बीण बसवायची म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एक्सची? विकणारा तेच विचारतो, घेणाराही तेच विचारतो, आणि आकडा जितका मोठा तितका नेम पक्का, अशी दोघांचीही खात्री असते. पॉइंट टू-टू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या .२२ लाँग रायफल या रिमफायर काडतुसाने लांब पल्ल्यावर नेमबाजी करायची असेल, तर हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारावा, असे माझे म्हणणे आहे. शंभर, दोनशे, तीनशे मीटरवर ही लहानशी गोळी चुकते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी: एका काडतुसाच्या आणि दुसऱ्याच्या वेगात पडणारा फरक, वारा, आणि ढिली किंवा तिरकी बसवलेली दुर्बीण. यांतल्या एकावरही एक्स वाढवून इलाज होत नाही. म्हणून खिशातला पैसा आधी काडतुसावर, मग माउंटवर, मग ज्या दुर्बिणीने नीट मोजता येते तिच्यावर खर्च व्हावा. ती दुर्बीण दृश्य किती मोठे करून दाखवते, हे त्यानंतर पाहावे. पुढच्या पानांत सामानाची जी चर्चा आहे ती याच क्रमाने आहे आणि हा क्रम अनेकांना उलटा वाटणार, याची मला कल्पना आहे.

पुराव्यासाठी लांब जायला नको. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतले. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात आणि अंतिम फेरीतली त्याची सरासरी दहाच्या वर होती, तीही गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून. त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. असूच शकत नाही, कारण आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत या प्रकाराला दुर्बिणीची परवानगी नाही. मागे बारीक भोकाची चकती आणि पुढे कडे, एवढ्यावरच नेम धरायचा. त्याआधी चौदा वर्षे, २०१० मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि ती विश्वविजेती झाली. तेही दुर्बिणीविना. या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, दहा रुपयांच्या नाण्याच्या निम्म्याहूनही लहान. ते नेमबाजाला दिसतच नाही. त्याला दिसतो तो ११२.४ मिलिमीटरचा काळा गोल, आणि तो गोल कड्याच्या बरोबर मध्ये धरण्यातच सारे कौशल्य आहे. जे दिसत नाही त्यावर साठपैकी सत्तावन्न-अठ्ठावन्न गोळ्या बसवता येत असतील, तर लक्ष्य मोठे दिसण्याचा आणि गोळी तिथे पोचण्याचा संबंध आपण समजतो तेवढा घट्ट नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. ऑलिंपिकचे अंतर ठरलेले, लक्ष्य ठरलेले, प्रकाश बहुधा चांगला, गोळी मारणारे जगातले निवडक. पन्नास मीटरच्या आखाड्यातला दाखला दोनशे मीटरवर कसा चालेल? तिथे लोखंडी पाटी दर वेळी वेगळ्या अंतरावर असते, कधी गवतात, कधी सावलीत. आधी ती सापडली तर पाहिजे. मान्य. लांब पल्ल्याला दुर्बीण हवीच, ती लावू नका असे कुणी म्हणत नाही. पण ती कशासाठी हवी, हे गोळीचा प्रवास पाहिल्यावरच कळते.

साधारण स्पर्धेचे काडतूस घेऊ: ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, नळीतून निघताना वेग सेकंदाला सुमारे ३२६ मीटर, दुर्बीण नळीच्या मध्यापासून पाच सेंटिमीटर उंच, आणि ५० मीटरवर झीरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल अशी जुळवलेली. अशी गोळी १०० मीटरवर नेमाच्या सुमारे वीस सेंटिमीटर खाली लागते. २०० मीटरवर ती एक मीटर साठ-पासष्ट सेंटिमीटर खाली जाते. ३०० मीटरवर जवळपास पावणेपाच मीटर. अंतर तिप्पट झाले, पण घसरण चोवीसपट झाली; तीनशे मीटर गाठायला गोळीला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ गुरुत्वाकर्षण आपले काम करत राहते. म्हणूनच गेल्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात या प्रकाराचे वेड पसरले. मोठ्या सेंटरफायर रायफलीला हजार मीटरवर जी आकडेमोड करावी लागते, ती इथे दोन-तीनशे मीटरवर करता येते, आणि काडतूस त्यामानाने स्वस्त पडते. १८८७ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने बाजारात आणलेले हे काडतूस आज पुन्हा विद्यार्थ्यांचे पुस्तक झाले आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता वेगातला फरक पाहू. एकाच डब्यातल्या दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर दोन गोळ्यांत जेमतेम सात मिलिमीटरचे अंतर पडते. ते लक्ष्यावर खपून जाते आणि नेमबाज आपल्या हाताला दोष देऊन मोकळा होतो. त्याच दोन गोळ्या २०० मीटरवर एकमेकींपासून चौदा सेंटिमीटर दूर लागतात, एक पाटीच्या वर, एक खाली. दुर्बीण सहा एक्सची असो की बत्तीसची, हे चौदा सेंटिमीटर तसेच राहतात. फार तर बत्तीसच्या दुर्बिणीतून ते अधिक स्पष्ट दिसतील. सेंटरफायरवाले हा दोष घरी काढतात, दारू मोजून आपली काडतुसे आपणच भरतात. रिमफायरची स्फोटक दारू काडतुसाच्या कडेतच दाबलेली असते, त्यामुळे ते एकदा उडाले की संपले, पुन्हा भरायची सोय नाही. नेमबाजाच्या हातात राहते फक्त निवड. म्हणूनच एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या महागड्या काडतुसांतही जाणकार डब्यावरचा लॉट नंबर पाहतात, आपल्या नळीतून निरनिराळे लॉट झाडून ग्रुप मोजतात आणि जो लॉट बसला त्याचाच साठा करतात. एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच नळीत इतके वेगळे वागतात की नवख्याला ते खोटे वाटावे.

विदर्भात या हिशोबात आणखी एक भर पडते, ती उन्हाची. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो: हिवाळ्यात पहाटे दहा अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, आणि मे महिन्यात ढाणकी-उमरखेडकडे पारा बेचाळीसवर गेला की ३५६. गोळीचा वेग आवाजाच्या वेगाच्या खाली येतो त्या टप्प्यावर ती डळमळते. म्हणून लांब पल्ल्याला मुळातच आवाजापेक्षा हळू जाणारी काडतुसे पसंत केली जातात. आता सेकंदाला ३४५ मीटर वेगाचे एखादे काडतूस घ्या. डिसेंबरच्या पहाटे ते आवाजापेक्षा वेगवान आहे, वाटेत तो टप्पा त्याला ओलांडावा लागणार. मे महिन्याच्या दुपारी तेच काडतूस आवाजाच्या खाली आहे. त्यात भर म्हणजे उन्हात तापलेली दारू गोळीला थोडा जास्त वेग देते आणि पातळ झालेली हवा तिला कमी अडवते. युरोपातल्या थंड रेंजवर तयार झालेले तक्ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते यामुळे. डबा सावलीत ठेवणे आणि दर ऋतूत वेगळी नोंद करणे, याला दुर्बिणीइतकेच महत्त्व आहे. आणि त्याला एक वही सोडली तर पैसा लागत नाही.

वाऱ्याची गोष्ट याहून कठीण. आडवा वारा सेकंदाला एक मीटर असेल, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल इतका, तर ५० मीटरवर गोळी पाच-सहा मिलिमीटर सरकते, दहाच्या वर्तुळाच्या त्रिज्येएवढी. २०० मीटरवर तोच वारा तिला दहा सेंटिमीटर ढकलतो. चार मीटरचा वारा असेल तर चाळीस. आणि दोनशे मीटरच्या वाटेत वारा सगळीकडे सारखा नसतो. बांधाआड पडलेला असतो, मोकळ्यावर उसळतो. तो वाचायचा कसा? झेंड्या लावून, गवत पाहून, आणि दुर्बिणीतून झळा पाहून. तापलेल्या काळ्या रानावरून वर उठणाऱ्या झळा वारा नसला की सरळ वर उकळताना दिसतात, वारा सुटला की त्याच्या दिशेने वाहू लागतात. अनुभवी नेमबाज दुर्बिणीचा फोकस मुद्दाम लक्ष्याच्या अलीकडे आणून त्या वाचतो. इथे मोठ्या एक्सचे खरे रूप कळते. दृश्य जेवढे मोठे कराल तेवढ्या झळाही मोठ्या होतात. मार्च ते जून या महिन्यांत सकाळी दहानंतर वीसच्या पुढे नेलेली दुर्बीण लक्ष्याऐवजी थरथरणारा डाग दाखवते. शिवाय २४ एक्सला ४४ मिलिमीटरच्या भिंगातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत दोन मिलिमीटरहूनही बारीक होतो. मान किंचित हलली की चित्र काळे. ज्याने सगळे पैसे त्या आकड्यासाठी मोजले, त्याला निम्मे वर्ष तो आकडा वापरताच येत नाही.

मग दुर्बिणीत पाहायचे काय? तिने मोजून दिले पाहिजे. वरच्या हिशोबात ५० मीटरच्या झीरोवरून २०० मीटर गाठायला नेम सुमारे २८ मिनिटांनी वर न्यावा लागतो (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर २.९ सेंटिमीटर). शिकारीसाठी बनवलेल्या पुष्कळ दुर्बिणींत खालपासून वरपर्यंत मिळून साठेक मिनिटे असतात. सपाट माउंटवर त्यांतली निम्मी, म्हणजे तीस, वरच्या बाजूला उरतात. त्यांतली बारा ५० मीटरवर झीरो करण्यातच खर्च होतात. शिल्लक अठरा. दुर्बीण कितीही महागाची असो, नॉब मध्येच अडतो आणि दोनशे मीटर हातचे जातात. यावरचा उपाय म्हणजे पुढे वीस मिनिटांचा उतार दिलेली रेल. दुर्बिणीच्या मानाने तिची किंमत किरकोळ. ती बसवली की अडतीस मिनिटे हाती येतात, दोनशे मीटर आरामात साधतात, आणि तीनशेसाठी उरलेले अंतर काचेतल्या खुणांवर धरता येते. हे गणित न करता आधी दुर्बीण घेतलेल्यांची फसगत सर्वत्र सारखीच असते.

नॉबची प्रत्येक क्लिक जेवढी लिहिली आहे तेवढीच सरकते का, हेही तपासून घ्यावे. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो. १०० मीटरवर मोठ्या कागदावर ओळंबा सोडून उभी रेघ मारायची, खालच्या टोकाला गोळी मारायची, मग नॉब दहा मिल (शंभर मीटरवर एक मिल म्हणजे दहा सेंटिमीटर) वर फिरवून पुन्हा त्याच खुणेवर नेम धरून मारायची. दुसरी गोळी बरोबर एक मीटर वर आणि रेघेवरच लागली पाहिजे. पंचाण्णव सेंटिमीटरवर लागली, तर नॉब पाच टक्के खोटे बोलतो आणि ते वहीत लिहून हिशोबात धरता येते. रेघेच्या बाजूला लागली, तर दुर्बीण रायफलीवर तिरकी बसली आहे. तिरकेपणा किती महाग पडतो पाहा: रायफल एक अंश कलली तर २०० मीटरवर गोळी चार सेंटिमीटर बाजूला जाते, ३०० मीटरवर दहा. डोळ्याला एक अंश कळत नाही. दुर्बिणीच्या नळीवर बसणारी बोटभर पाणसळ तो लगेच दाखवते. तिसरी गोष्ट पॅरॅलॅक्सची. सेंटरफायर रायफलीच्या बऱ्याच दुर्बिणी शंभर यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला, पक्क्या बसवलेल्या असतात. तशी ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण ५० मीटरवर वापरली आणि डोळा भिंगाच्या मध्यावरून पार कडेला गेला, तर नेम नऊ मिलिमीटरपर्यंत सरकतो. दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, हे इथे आठवावे. बाजूला अंतराचा नॉब असलेली, पंचवीस मीटरपासून पुढे जुळवता येणारी दुर्बीण रिमफायरला हवी. एवढे सगळे जिच्यात आहे तिचे एक्स दहा-बारा असले तरी चालतात: दहा एक्समधून दोनशे मीटरवरची पाटी वीस मीटरवर ठेवल्यासारखी दिसते, आणि वीस मीटरवरचा तळहाताएवढा तुकडा न दिसणाऱ्याने आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. काडतूस उडाले की संपले; दुर्बीण वीस वर्षे टिकते, पुढच्या रायफलीवर चढते, विकली तर पैसे येतात. मग टिकणाऱ्या वस्तूत पैसा घालणे शहाणपणाचे नाही का? हिशोब म्हणून हे बरोबर आहे. पण सरावातून शिकायला मिळते ते चुकीचे कारण कळल्यामुळे. काडतूसच चौदा सेंटिमीटरने दगा देत असेल, तर वारा चुकीचा वाचला, चाप झटकला की श्वास सुटला, हे कधीच वेगळे काढता येत नाही. हजार गोळ्या उडवूनही माणूस तिथल्या तिथेच राहतो. त्यापेक्षा तपासलेल्या लॉटच्या दोनशे गोळ्या अधिक शिकवतात. अर्थात सगळ्यांत महाग काडतूसच घ्यावे असे यातून निघत नाही. मधल्या किमतीचा, आपल्या नळीला मानवलेला लॉट पुष्कळदा पुरतो, आणि उत्तम लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवता येतो.

तिसरा आक्षेप ढाणकीच्या वाचकाकडून येणार, आणि तो सर्वांत टोकदार असेल. हे सगळे इथे कुणासाठी? .२२ रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, काडतुसांवर मर्यादा असते, चांगली सामग्री परदेशातून येते, आणि महाराष्ट्रात नागरी नेमबाजांच्या रेंज, बालेवाडीची धरून, मुख्यतः ५० मीटरपर्यंतच्या आहेत; त्यापुढच्या पल्ल्याची सोय बहुतांशी सैन्याकडे. शेतात झाडून बघू, हा विचार मनातही आणू नये. ही लहान गोळी दीड-दोन किलोमीटरपर्यंत धोकादायक असते, मऊ शिसे दगडावरून उसळते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कुठल्या धुऱ्यापलीकडे कोण वाकलेले आहे, हे सांगता येत नाही. पैनगंगेच्या अभयारण्याला लागून असलेल्या या पट्ट्यात रायफल म्हटले की लोकांना रानडुक्कर आणि रोही आठवतात, कारण पिकाचे नुकसान खरेच आहे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची वाट वनखात्याच्या परवानगीतूनच जाते. शिवाय एवढ्या मोठ्या जनावरावर .२२ ची गोळी म्हणजे त्याला जखमी करून सोडणे. या पुस्तिकेचा त्या विषयाशी संबंध नाही.

तरीही वाचक इथे आहे. तालुक्याच्या कॉलेजांतून एनसीसीच्या छात्रांना पहिली रायफल मिळते ती .२२ चीच, आणि पाच गोळ्यांचा ग्रुप किती सेंटिमीटरचा पडला, हे कँपवरून परतलेली मुले महिनाभर सांगत असतात. ग्रुप, झीरो, वारा, श्वास या कल्पना त्यांच्या ओळखीच्या आहेत. त्यांच्यापैकी ज्याला घरी सराव सुरू ठेवायचा आहे, त्याच्यापुढे छऱ्याच्या बंदुकीचा रस्ता मोकळा आहे: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ पर्यंतच्या नळीच्या आणि वीस जूलपर्यंत शक्तीच्या बंदुकीला परवाना लागत नाही. तिचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा पन्नास मीटरच्या आतच घसरण आणि वारा दोन्ही शिकवतो, मात्र मागे भक्कम मातीचा बांध आणि दोन्ही बाजूंना मोकळी, राखलेली जागा हवी. आणि दुर्बिणीबाबत एक सावधगिरी. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी बसतो; .२२ रायफलीवर वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीण तिच्यावर काही दिवसांत निकामी होऊ शकते. तिच्यासाठी दुहेरी झटका सोसणारी म्हणून विकली जाणारी दुर्बीणच घ्यावी, आणि रिंगा मागे सरकू नयेत म्हणून खिळीचा माउंट.

पुस्तिकेतले घसरणीचे आणि वाऱ्याचे सर्व आकडे वर सांगितलेल्या काडतुसासाठी, म्हणजे सेकंदाला ३२६ मीटर वेग, पाच सेंटिमीटर उंचीची दुर्बीण आणि ५० मीटरचा झीरो धरून काढले आहेत. तुमची नळी लांब असेल, लॉट वेगळा असेल, दुर्बीण उंच असेल, तर ते बदलतील. १०० मीटरवर पाच-सहा सेंटिमीटरचाही फरक पडू शकतो. म्हणून प्रत्येक तक्त्याशेजारी एक कोरा रकाना सोडला आहे. छापील आकडा आरंभापुरता धरावा आणि तापमान, लॉट नंबर व प्रत्यक्ष लागलेली उंची त्या रकान्यात पेन्सिलीने लिहावी.

ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ